हाड म्हटलं की येणारं कुत्रं

त्या हिवाळ्यात आमच्या घरातून भरतीला एक जण पास झालं. मी नाही, आमचं कुत्रं.

असं काही झालेलं नाही. साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलंय, वडिलांनी ते मान्य केलंय आणि कुत्र्यानं कुठंही हरकत घेतलेली नाही. तेव्हा वरची दोन वाक्यं तुम्ही वाचलीच नाहीत असं धरून आपण थंडीबद्दल बोलू.

कोल्हापूरहून गारगोटीकडं जाताना बिद्रीच्या अलीकडं आमचं गाव. दोन हजार तीन सालची दिवाळी झाली आणि थंडी अशी पडली की खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसलं. लोक बाटली उन्हात ठेवायचे आणि स्वतः तिच्या शेजारी बसायचे. पाठोपाठ आई गेली. कावीळ झाली होती, उतरली म्हणाले, उतरली नव्हती. एवढंच. याहून जास्त मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला रडू आलं नाही. गावाला त्याची फार काळजी लागली. शेजारच्या तानाबाई काकूंनी तर दंडाला चिमटा काढून बघितला. चिमटा मला कळला, पण तो दुसऱ्याच कुणाला तरी काढलाय आणि मला फक्त त्याची बातमी आलीय, असं वाटलं. मी थंडीला दोष दिला. थंडीत बोटं बधिर होतात हे सगळ्यांना पटतं. बाकीच्या माणसाचं का होऊ नये?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर मांडव घातला. वंदना झाली, मग आईबद्दल दोन शब्द बोलायला लोक उठले. जो उठला तो एकच सांगू लागला: मीनाबाईंनी कष्ट केले आणि पोराला नोकरीला लावलं. पहिल्या माणसाची चूक असेल म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्याच्या वेळी मांडव माझ्याकडं बघायला लागला. नोकरीला लागलेला पोरगा पुढच्याच सतरंजीवर बसलेला होता आणि त्याला नोकरी कुठली ते माहीत नव्हतं.

नंतर उलगडा झाला. आई सहा महिने पाण्याच्या नळावर सांगत होती, "परशा भरती झालाय, ऑर्डर तेवढी यायची हाय." परशा म्हणजे मी. कागदावर प्रसेनजीत, पण गावात एवढा लांब श्वास कुणाकडं नाही. "भरती होणार" असं तिला म्हणायचं असणार. पण आई होणाऱ्या गोष्टी झालेल्याच धरायची. तांदूळ चुलीवर चढवला की "भात झाला, हात धुवा" म्हणायची आणि आम्ही हात धुऊन वाळेपर्यंत बसायचो.

त्या संध्याकाळी वडील माझ्याशी बोलले. वडिलांचं नाव बाबासो, कारखान्यात गव्हाणीवर हंगामी कामाला. पाळीभर उसाच्या मोळ्या पुढं ढकलायच्या आणि घरी येऊन गप्प बसायचं, हा त्यांचा हंगाम. बाकीचे महिने नुसतं गप्प बसायचं. ते म्हणाले, "तिनं गावात सांगून ठेवलंय. आता ती खोटी पडाय नको."

एवढं बोलून ते पाळीवर गेले.

अडचण अशी होती की भरती जानेवारीत होती आणि माझ्या वयात बसणारी ती शेवटची. त्यानंतर खात्याच्या दृष्टीनं मी म्हातारा होणार होतो. खातं कुठलं ते सांगत नाही. सगळ्यांना एका रंगाचे कपडे देतात, एवढं पुरे. तिथं आधी पळवतात. पळण्यात गेलात तर पुढं तुम्हाला लिहिता येतं का, हेसुद्धा कुणी बघत नाही.

म्हणून मी पळायला लागलो, आणि इथं कुत्रं येतं.

कुत्रं तसं आमचं नव्हतं. आई पहाटे भाकरी थापायला बसली की ते मागच्या दारात येऊन बसायचं. आई "हाड" म्हणायची आणि पहिल्या भाकरीचा तुकडा टाकायची. दोन्ही एकाच वेळी, रोज. हाड म्हणणं हे तिच्या तोंडाचं काम, तुकडा टाकणं हाताचं, आणि दोघांची आपसात बोलाचाली नसावी. कुत्र्यानं यातून असा अर्थ काढला की आपलं नाव हाड आहे. त्याच्या अंगाकडं बघितलं तर ते पटण्यासारखं होतं.

उलट गल्लीतली पोरं "यू यू" करून त्याला लाडानं बोलवायची आणि जवळ आलं की शेपटीला डबा बांधायची. त्यामुळं कुणी "यू यू" म्हटलं की ते गावाच्या हद्दीबाहेर जाऊन उभं राहायचं. थोडक्यात, हाकललं की यायचं आणि बोलावलं की पळायचं. मराठी त्याला येत होती, फक्त उलटी.

आई गेल्यावर त्याला हाड म्हणायला कुणी उरलं नाही. वडील बोलत नव्हते आणि माझ्या लक्षात नव्हतं. ते मागच्या दाराशी बसून राहायचं. टाकलेलं खायचं नाही. नाव घेतल्याशिवाय जेवायचं नाही, असे काही पाहुणे असतात, तसं.

पहिल्या पहाटे मी पळायला निघालो तर ते फाटकापर्यंत मागं आलं. मी म्हणालो, "हाड, घरला जा."

ते थांबलं. कान वर झाले. मग जे सुटलं ते थेट माझ्या पुढं, रस्त्यावर. गेल्या कित्येक दिवसांत त्याला कुणी नावानं हाक मारली नव्हती.

तेव्हापासून आम्ही दोघं पळायला लागलो. रस्त्याला धुकं, मळीचा वास, दोन्ही बाजूंना ऊस. समोरून उसाची गाडी आली तर आधी बैलांच्या तोंडाची वाफ दिसायची, मग बैल. पायांत कॅनव्हासचे बूट आणि त्यात पाय असावेत, असा अंदाज होता. कान पहिल्या मैलातच जायचे. त्यानंतर हात, मग नाक, आणि शेवटी पळणारं जे काही उरायचं ते बरं असायचं. त्याला काहीच होत नसायचं. मला ती वेळ आवडायला लागली, असंही म्हणता येणार नाही. पण तिची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती.

हाड कुठल्याही शेकोटीपाशी रेंगाळायचं. मी पुढून ओरडायचो, "हाड!" की ते वाऱ्यासारखं येऊन मला मागं टाकायचं, मग त्याला गाठायला मला पाय उचलावे लागायचे. असं फाट्यापासून बिद्रीपर्यंत आणि परत. माझा वेग त्यामुळं वाढला, हे खरं आहे. पण बघणाऱ्याला काय दिसायचं? एक माणूस जीव खाऊन पळतोय, हाड हाड ओरडतोय आणि कुत्रं काही त्याचा पिच्छा सोडत नाही. ऊसतोड करणाऱ्यांची खोपटी रस्त्याला लागून होती. त्यांतला एक जण "पावणं, थांबू नगा, पळा," असा धीर देऊन कुत्र्याच्या दिशेनं उसाचं कांडकं फेकायचा. हाड ते तोंडात धरून आणायचं. त्यामुळं तो माणूस आणखी घाबरायचा.

तानाबाई काकूंनी वडिलांना सांगितलं की तुमचा पोरगा रोज पहाटे त्या कुत्र्याला हाकलत बिद्रीपर्यंत सोडून येतोय आणि ते त्याच्याआधी घरी पोचतंय, पोराला एकदा कुणाला तरी दाखवा. वडिलांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते पाळीवरून लवकर आले आणि माझ्या बुटांच्या शेजारी भाकरीचा तुकडा ठेवलेला मला दिसला. तो बुटांसाठी नव्हता.

तानाबाई काकूंचा सूरज माझ्याबरोबर भरतीला यायचा होता, पण घरीच मापलं तर उंचीत तो एका बोटानं कमी भरला. तो कपडे धरायला आला. सूरजचं म्हणणं असं की खात्याला उंच माणसं झाडं म्हणून लावायची असतील. भरतीच्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही कोल्हापुरात पोचलो. हाडाला मी अंगणात बांधून वडिलांच्या ताब्यात दिलं होतं.

मैदान धुक्यानं भरलेलं. हजारो पोरं चड्डी-बनियनवर उभी, आणि सगळ्यांचे दात एकाच तालात वाजत होते, एखादं पथक असावं तसे. छातीवर स्केचपेननं नंबर लिहायचे. माझ्या अंगावर एवढा काटा होता की लिहिणारा दोनदा थांबला. पळायचं तुकडीतुकडीनं. शेवटच्या रेषेवर दोन माणसं दोर घेऊन उभी आणि त्यांच्या शेजारी खुर्चीत एक मोजणारा. त्यानं माकडटोपी घातली होती आणि वरून मफलर असा गुंडाळला होता की त्याला समोरच्याचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसत असावेत. जो आत येईल त्याच्या पिंढरीला तो छडी लावायचा आणि मोजायचा. ठरलेला आकडा झाला की "दोर" म्हणायचा. दोर वर. बाहेर राहिलेले घरी. एवढं सोपं.

माझ्या तुकडीचं नाव पुकारलं तेव्हा सूरजनं मला कोपर मारलं आणि कुंपणाकडं बोट दाखवलं. कुंपणाला वडील उभे होते. अंगावर घोंगडं आणि घोंगड्यातून हाडाचं तोंड बाहेर आलेलं.

मी जाऊन विचारलं, हे कशाला आणलं.

"तू त्याच्याबिगर पळत न्हाईस," वडील म्हणाले. मग म्हणाले, "दुधाच्या टेंपोतनं आलो. वाटंत काय बोललं न्हाय ते."

"आणि तुम्ही?"

"मीबी न्हाय."

मी त्यांना एवढंच सांगितलं की इथं कुणी हाड म्हणायला नको. ते म्हणाले, कोण कशाला म्हणतंय.

शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो. पहिला फेरा बरा गेला. कान गेले, हात गेले, सगळं ठरल्याप्रमाणं जात होतं. तेवढ्यात बंदोबस्ताच्या एका माणसाला घोंगड्यातलं कुत्रं दिसलं. त्यानं आपलं कर्तव्य केलं. तो म्हणाला, "हाड!"

हाड घोंगड्यातून निघालं. ते त्या माणसाकडं गेलं, त्याच्याकडं काही नाही असं बघून मैदानात आलं. आता दुसरा ओरडला, हाड. मग तिसरा. मग कुंपणाला लागलेली आयाबापांची सगळी रांग. हाड, हाड, हाड. गावच्या एका परसदारात ज्याला एकच बाई ओळखत होती, त्याला आता अख्खं कोल्हापूर नावानं ओळखत होतं. ते मैदानभर फिरत होतं, ज्यानं हाक मारली त्याच्याकडं जात होतं, हात बघत होतं आणि पुढच्या हाकेला वळत होतं. ते कुणाला तरी शोधत होतं, हे फक्त मला आणि कुंपणापाशी उभ्या एका माणसाला कळत होतं.

मग त्याला मी दिसलो.

ते माझ्या पुढं येऊन पळायला लागलं, बिद्रीच्या रस्त्यावर पळायचं तसं. मला त्याला घालवायचं होतं. घालवायचा शब्द मैदानात मला एकट्याला माहीत होता. शेवटच्या फेऱ्यात असेल नसेल तेवढा श्वास घालून मी ओरडलो, "यू यू!"

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. लोक कुत्र्याला हाकलतायत आणि हा एक जण त्याला लाडानं बोलावतोय. शिट्टीवाले साहेब लांबून माझ्यावर बोट रोखून काही तरी म्हणाले. हाडानं मात्र ऐकलं. यू यू म्हटल्यावर जे करायचं तेच त्यानं केलं. शेपटी खाली घातली आणि माझ्यापासून लांब, सरळ, जिवाच्या आकांतानं पळालं.

सरळ म्हणजे शेवटच्या रेषेकडं.

माझ्या पुढं एक जण आत गेला. मोजणाऱ्यानं छडी लावली. त्याच्यामागून हाड गेलं. मोजणाऱ्यानं छडी लावली. त्यानं म्हटलं, "दोर."

दोर माझ्या छातीला लागला, बरोबर नंबरावर. दोर लागला हे मला दिसलं. लागल्याचं काही वाटलं नाही.

पुढचं सगळं संथ झालं. आत गेलेल्यांना बसवून परत मोजलं तर एक माणूस कमी भरत होता. आकडा पुरा आणि माणूस कमी. साहेब म्हणाले, कुणी तरी लघवीला गेलं असेल, थांबा. सगळे थांबले. हाड रांगेत शेवटी बसलं होतं. त्याला दोघांनी हाड म्हणून बघितलं. ते आणखी सरकून रांगेत नीट बसलं.

वडील कुंपण ओलांडून आले. त्यांना कुणी अडवलं नाही. घोंगडं घेतलेल्या माणसाकडं काही तरी काम असावं, असं लोकांना वाटतं. ते साहेबांना म्हणाले, "साहेब, यू यू करा, जातंय ते."

साहेबांना ती चेष्टा वाटली. मग वडील आयुष्यातलं सगळ्यांत लांब बोलणं बोलले. ते म्हणाले की तुमच्या माणसानं कुत्रं मोजलंय, त्याची जागा माझ्या पोराची हाय, तेवढी त्याला द्या. पोराच्या आईनं गावात सांगून ठेवलंय.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी वडिलांना बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं. मैदानात कुत्रं होतं असं धरलं, तर शर्यतच रद्द होते आणि अख्खी तुकडी परत पळवावी लागते. आत बसलेली पोरं आता चहा पीत होती, त्यांतल्या एकानं घरी फोनसुद्धा केला होता. त्यांचं काय करायचं? म्हणून कुत्रं नव्हतं.

"नव्हतं म्हणता, मग एक जागा मोकळी हाय की," वडील म्हणाले.

"मोकळी कशी? मोजलीय."

"कुणाला मोजलंय?"

"काका, ते नका विचारू."

वडिलांनी रांगेकडं बघितलं. साहेबांच्या हिशेबानं हाड जिथं नव्हतं, त्याच जागी बसून ते थंडीनं कापत होतं. सूरज माझे कपडे छातीशी धरून उभा होता. त्याला विनोद सुचला नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"बरं," वडील म्हणाले. ते रांगेपाशी गेले, खाली बसले आणि हळू आवाजात, आई म्हणायची तसं, हाड म्हणाले. ते येऊन घोंगड्यात शिरलं. मला वाटलं, आता मला काही तरी होणार. छातीत काही तरी आलं, थोडं थांबलं आणि माझ्याकडं बघून परत गेलं.

परत जाताना आम्ही तिघं दुधाच्या टेंपोत रिकाम्या कॅनांमध्ये बसलो. सूरज गाडीनं आला. कॅन एकमेकांवर आपटत होते, त्यामुळं बोलायची गरज पडली नाही.

गावात उतरलो तर नळावर गर्दी. तानाबाई काकूंनी घागर खाली ठेवली आणि वडिलांना विचारलं, काय झालं भरतीचं. सगळा नळ वाट बघत होता. नळसुद्धा कुणी तरी बंद केला.

वडील घोंगड्यात हाडाला धरून उभे होते. ते खोटं बोलत नाहीत. बोलतच नाहीत म्हटल्यावर खोटं कुठून बोलणार? ते म्हणाले, "झालं की पास."

आमच्या बोलीत पोरगंही 'झालं' आणि कुत्रंही 'झालं'. पास झाल्यावर त्यांत फरक राहत नाही. काकूंनी हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "मीनाबाई म्हणतच हुती." मग त्यांनी ऑर्डरचं विचारलं. वडील म्हणाले, ती तेवढी यायची हाय.

आई खोटी पडली नाही. आता गाव माझ्या ऑर्डरीची वाट बघतंय, मी गावात दिसलो की रजा किती दिवसांची विचारतंय, आणि माझं वय संपलंय. हाड बरं आहे. वडील पहाटे भाकरी करतात. जाड होते. तुकडा टाकताना नाव घेतात.

पळायचं मी थांबवलेलं नाही, कारण थांबलो तर अंगात ऊब येते आणि ती सहन होत नाही. मात्र साहेबांचं म्हणणं मी पुष्कळ वेळा मनात घोळवलं. झालेली गोष्ट झाली नाही असं ठरवायची सोय जर खात्याकडं असेल, तर ती एका कुत्र्यापुरतीच का वापरावी? म्हणून मी रीतसर अर्ज केला आहे. मजकूर असा:

माननीय साहेबांचे सेवेशी,

अर्जदार प्रसेनजीत बाबासो याजकडून विनंती अर्ज करण्यात येतो की, आपल्या मैदानात घडलेला प्रकार घडला नसल्याचे आपण तोंडी कळविले असून ते अर्जदारास मान्य आहे. तथापि सदर प्रकार ज्या हिवाळ्यात घडला नाही, तो हिवाळा मात्र अद्याप झाला असल्याचे धरण्यात येते, ही बाब विसंगत आहे. सबब संपूर्ण हिवाळा रद्द समजण्यात यावा व तो दिवाळीपासून फेर घेण्यात यावा. फेर हिवाळ्याचे वेळी अर्जदाराच्या घरातील सर्व इसम पूर्वीप्रमाणे हजर राहतील, अशी व्यवस्था आपल्या खात्याकडून करण्यात यावी. थंडी आहे तेवढीच ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही.